चमच्यावरची रेघ

सॉस पुरेसा घट्ट झाला की नाही, हे पाहायला आमच्या धंद्यात यंत्र लागत नाही. चमचा सॉसमध्ये बुडवायचा, उलटा धरायचा आणि त्याच्या पाठीवरून बोटाने आडवी रेघ ओढायची. रेघ तशीच राहिली तर माल पास. सॉस दोन्ही बाजूंनी ओघळून रेघ बुजली तर नापास. या रेघेवरून मी गिऱ्हाइकांशी इतका भांडलो आहे की दादऱ्याच्या एका कारखानदाराने माझ्यासाठी वेगळा चमचाच ठेवला होता. म्हणायचा, "तुम्ही भांडताना चमचा आपटता, आमचे वाकतात."

पुढे याच रेघेने मला पाणी पाजलं. कसं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. मला पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय वाचले, डोकं वाचलं, पण गिळणं गेलं. तेव्हा मला आणि माझ्या घरच्यांना असल्या आजाराबद्दल स्वतःच्या अनुभवाने सांगणारं कोणी भेटलं नाही. औषधांची नावं मी देणार नाही, ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत. मी फक्त काय झालं आणि मी कुठे मूर्खपणा केला ते सांगतो.

माझा माल आणि अण्णांचं वाक्य

मी शहाद्याकडचा. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी सिल्वासात आलो तो पोती उचलायला. इथे नवे कारखाने भराभर उभे राहत होते, आणि ज्याला हिशोब आणि तोंड दोन्ही चालवता येत होतं त्याला जागा होती. एका मिठाईच्या कारखान्यात गोदाम सांभाळताना मला एक पावडर दिसली. किलोभर पावडर टाकली की मोठ्या कढईतलं पातळ मिश्रण दाट होई. विचारलं तर कळलं, समुद्रातल्या शेवाळापासून करतात. दक्षिणेच्या किनाऱ्यावर बायका पाण्यात उतरून ते गोळा करतात, वाळवतात, मग कारखान्यात त्याची पावडर होते. जेली, आइसक्रीम, सॉस, बाटलीतलं सुगंधी दूध, केकवरचा थर, सगळ्यांत थोडी थोडी असते. खाणाऱ्याला पत्ताही नसतो.

पाच वर्षांत मी सिल्वासाजवळच्या सायलीत स्वतःचा गाळा घेतला. कोणत्या पदार्थाला कोणतं शेवाळ आणि किती, याची मिश्रणं करून विकायला लागलो. यंत्राच्या पूजेला गावाकडचे सगळे बोलावले. माझे थोरले बंधू अण्णा, शाळेत मुख्याध्यापक, तेही आले. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात अण्णांचा शब्द म्हणजे वडिलांचा शब्द. एका मावसकाकांनी विचारलं, "बापू नेमकं करतो तरी काय?" आणि अण्णांनी पेढा खाता खाता, सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "काही नाही हो. पाणी घट्ट करतो आणि लोकांना खाणं म्हणून विकतो."

सगळे हसले. माझी बायको निर्मलासुद्धा पदराआड हसली. मी त्याच दिवशी अण्णांशी बोलणं बंद केलं. सात वर्षं बंद ठेवलं. लोक म्हणाले, एवढ्याशा वाक्यासाठी? ज्याने पोती उचलली नाहीत त्याला ते एवढंसं वाटणार.

तो दिवस

सकाळची वेळ होती. सायलीच्या गाळ्यात एक सॉसवाला माझ्यासमोर बसला होता. भावावरून अडून राहिला होता. मी चमच्यावर रेघ ओढून त्याच्या नाकासमोर धरली आणि त्याच क्षणी गाळा डावीकडे कलला. मला वाटलं, खुर्ची मोडली. मी टेबल धरलं. सॉसवाल्याची दोन तोंडं दिसायला लागली. तरी मी त्याला म्हणालो, "भाव तोच राहील." हे माझं नीट आवाजातलं शेवटचं वाक्य. पुढचे कित्येक महिने आवाज तसा लागला नाही.

माझा मिश्रणाचा माणूस रमणभाई, अथालचा, वयाने माझ्याएवढाच. त्याने मला उचलून टेम्पोत घातलं. वापीच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथून मेंदूचे फोटो काढायला सुरतेला, आणि परत वापीला. डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, माझ्याशी हिंदीत आणि तुटक मराठीत बोलायच्या. त्यांनी निर्मलाला सांगितलं, "मेंदूच्या मागे, मानेजवळ, एक बारीक नस बंद पडली. नशीब चांगलं. हात चालतील, पाय चालतील. पण गळा झोपलाय."

मी खाटेवरून हाताने खूण केली, कधी उठेल?

"ते आम्ही नाही सांगू शकत. रोज थोडा थोडा उठवायचा."

मला असं उधारीचं उत्तर आवडत नाही. मी तोंड फिरवलं. फिरवताना पुन्हा गरगरलं.

नाकातली नळी

दवाखान्यातला दिवस मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. सहाला सिस्टर यायच्या, नाकातल्या नळीतून दूध सोडायच्या. ते पोटात गेल्याचं कळायचं, पण तोंडाला त्याचा पत्ता नसायचा. मग उचक्या. त्या माझ्या आजाराचाच भाग होत्या म्हणे. एकदा लागल्या की तासन्‌तास. बाजूच्या खाटेवरचे आजोबा म्हणायचे, "कोणीतरी आठवण काढतंय." मला माहीत होतं कोण. तो सॉसवाला.

लाळसुद्धा गिळता येत नव्हती. हातात कायम कापडाचा तुकडा. ज्या माणसाच्या तोंडाला सायलीतले अर्धे गाळेवाले घाबरत, तो दिवसभर तोंड पुसत बसलेला. बोलायला जावं तर घोगरी हवा बाहेर पडायची. मी चलनाच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो.

भूक सहन होते. तहान होत नाही. नळीतून पोटात पाणी जातं, शरीर जगतं, पण जीभ कोरडीच राहते. समोर निर्मला स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायची तेव्हा मी तिचा गळा हलताना पाहायचो. नंतर ती बाहेर जाऊन प्यायला लागली. हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

पाणी का नाही, हे बाईंनी समजावलं होतं. आपण गिळतो तेव्हा श्वासाची वाट क्षणभर बंद होते. माझी उशिरा बंद व्हायची. पाणी पातळ, ते त्याआधीच धावत जाऊन फुप्फुसात शिरणार. "घट्ट असेल ते हळू जाईल, म्हणून हळूहळू जमेल. पातळ बिलकुल नाही." दहा-बारा दिवसांनी त्यांनी कुस्करलेल्या केळ्याचा अर्धा चमचा दिला. खूप जोर लावल्यावर तो गेला. मला वाटलं, जिंकलो.

मी केलेला मूर्खपणा

हा भाग नीट वाचा. माझ्यासारख्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते.

मी जन्मभर करारातल्या फटी शोधल्या. बाईंच्या वाक्यातही सापडली. पातळ नको, घट्ट चालेल. मग आइसक्रीम? ते तर चमच्यावर उभं राहतं. शिवाय वापीत जे कपातलं आइसक्रीम मिळायचं, त्यात माझीच पावडर होती. माझ्या मालावर माझा विश्वास नसेल तर कोणाचा असणार? दुपारी निर्मला बाहेर गेल्यावर मी रमणभाईला चिठ्ठी दिली.

त्याने वाचली आणि मान हलवली. "शेठ, डॉक्टरबेन मने वढशे." म्हणजे त्या त्याला ओरडतील.

मी लिहिलं, 'पगार त्या देतात का?'

"पगार नाय देत, पण त्या बोलल्या पातळ नको."

'आइसक्रीम पातळ आहे का? तूच मिश्रण केलंस.'

त्याने चिठ्ठी खिशात घातली आणि खाली गेला. कप आणला. पहिला चमचा जिभेवर ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. थंड, गोड, दाट. मी खुशीत होतो. मी तो तोंडात घोळवत बसलो, कारण गिळायला वेळ लागत होता. आणि मग ते घशात उतरलं, पण कुठल्या वाटेने ते मला कळलंच नाही. खोकलाही नीट आला नाही. तीन चमचे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप. छातीत घरघर. फुप्फुसात संसर्ग. नळीतून दूध, सलाईन, प्राणवायू. बाईंनी रमणभाईला कोपऱ्यात घेतलं, त्याने खरं सांगितलं. मग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"शेठ, आइसक्रीम तोंडात गेल्यावर काय होतं?"

मी लिहिलं, 'वितळतं.'

"आणि मग?"

मला उत्तर येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं कोणाला येणार? मी स्वतः आइसक्रीमवाल्यांना तेच सांगून माल विकला होता: चिमूटभर पावडर टाका आणि पाणी वाढवा, कोणाला कळणार नाही. शेवटी लिहिलं, 'पाणी.'

"आता आठ दिवस बघू," त्या म्हणाल्या. "तोंडाने नाही जमलं तर पोटाला छेद देऊन तिथून नळी घालू. नाकात कायम ठेवता येत नाही."

त्या गेल्या आणि मला अण्णांचं वाक्य आठवलं. सात वर्षं मी त्याच्यावर जळत होतो आणि त्यातलं अर्धं खरं माझ्याच छातीत जाऊन बसलं होतं.

अण्णा येतात

निर्मलाने माझ्या नकळत अण्णांच्या शाळेत फोन केला होता. मला कळलं तेव्हा मी चिठ्ठीवर तिला जे लिहिलं ते इथे देत नाही. तिने चिठ्ठी वाचली, चार तुकडे केले आणि म्हणाली, "अहो, तुम्ही भांडलात. मी नाही भांडले. मला इथे कोणीतरी हवंय." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते मी त्या दिवशी पाहिलं.

अण्णा एसटीने आले. पिशवीतून शाळेची पाटी आणि खडूचे तुकडे काढून माझ्या मांडीवर ठेवले. उभ्यानेच बघत राहिले. शाळेत कायम शुद्ध बोलणारा माणूस, पण तोंडातून गावची बोली निघाली. "कसा शे रे तू?"

मी पाटीवर लिहिलं, 'पाणी विकणाऱ्याला पाणी मिळत नाही. तेच बघायला आलात?'

त्यांनी वाचलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि पाटी परत दिली. "अक्षर अजून तसंच घाणेरडं. दुसरं काहीतरी लिही."

मी पाटी पालथी घातली. ते तिथेच स्टुलावर बसून राहिले. निर्मला त्या दिवशी प्रथमच दवाखान्याजवळ घेतलेल्या खोलीवर जाऊन चार तास झोपली.

अण्णांनी सगळं विचारून घेतलं, मास्तर विचारतो तसं. पाणी का नाही, केळं का चालतं, आइसक्रीम का नाही. मग म्हणाले, "बापू, तू पाणी घट्ट करतोस ना?"

मला वाटलं, पुन्हा टोमणा. मी पाटी फेकायला उचलली.

"अरे, मग कर ना," ते म्हणाले. "स्वतःसाठी कर."

मी पाटी खाली ठेवली. एवढे दिवस माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पावडर म्हणजे विकायची वस्तू. ती आपण खायची वस्तू आहे, हे मी विसरलो होतो.

तीन चमचे

बाई सहजासहजी तयार होणार नव्हत्या. मी पाटीवर सौदा सुरू केला. माल खाण्यासाठीच तपासलेला आहे, हे दाखवायला रमणभाईने कागद आणले. बाईंनी ते दोनदा वाचले. मी वाटीभर मागितलं. त्या म्हणाल्या, एक चमचा. मी दहा म्हणालो. शेवटी तीन चमच्यांवर मिटलं, आणि अट अशी की त्या स्वतः समोर उभ्या राहणार, घशातलं ओढून घ्यायचं यंत्र बाजूला चालू राहणार. मी मान्य केलं. त्यांच्या जागी मी असतो तर दोनच दिले असते.

रमणभाईने तीन डबे आणले. जेलीचं शेवाळ मी बाजूला सारलं, कारण ती जेली तोंडात तुटते आणि तिचे तुकडे होतात. दुधाचं तापवल्याशिवाय विरघळत नाही, तेही सारलं. थंड पाण्यात विरघळणारं एकच होतं, ते घेतलं.

मिश्रण अण्णा करणार होते. त्यांनी चमचाभर पावडर थेट पाण्यात ओतली आणि गुठळ्या झाल्या. मला ओरडता येईना. मी खडू खाटेच्या लोखंडावर आपटला.

रमणभाई हसून म्हणाला, "मास्तर, आमच्याकडे असं केलं असतं तर शेठनी टेम्पोमागे पळवलं असतं. पयली साखर."

साखरेत पावडर कोरडी मिसळायची, मग पाणी ढवळत ढवळत वरून भुरभुरवायची, आणि थांबायचं. थांबणं महत्त्वाचं, कारण ती नंतरही दाट होत राहते. अण्णांनी दुसऱ्यांदा तसं केलं. मी चमचा मागितला, बुडवला, उलटा धरला, रेघ ओढली. बुजली. 'नापास,' मी लिहिलं. तिसऱ्यांदा इतकं दाट झालं की चमचा सोडेना. तेही नापास. धंद्यात जितकं दाट तितकं चांगलं, पण घशात ते चिकटून बसलं असतं. चौथ्या वेळी रेघ राहिली आणि चमचा वाकडा केल्यावर मिश्रण अखंड, संथ घसरलं. बाईंनी पाहिलं आणि मान हलवली.

मला ताठ बसवलं. हनुवटी छातीकडे. अण्णांनी चमचा धरला. मी त्यांचं मनगट पकडलं. जिभेवर सपक, थोडं गोड, मागे समुद्राचा हलका वास. मी जोर लावला. घशात काहीतरी जड, आळशी हललं, थांबलं, आणि गेलं. खाली गेलं. छातीत नाही, पोटात.

बाई म्हणाल्या, "आवाज काढा." मी 'आ' केलं. घोगरं, पण ओलसर गुरगुर नाही. "बरोबर वाटेने गेलं."

दोन चमचे अजून. तीन चमच्यांनी तहान भागत नाही. पण मी त्या दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपलो ते रडायला, आणि हे मी पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

आठ दिवसांच्या आत मी दिवसाला तीन वाट्या घेऊ लागलो. पोटाला छेद द्यावा लागला नाही. काही आठवड्यांनी नाकातली नळी निघाली.

घरी

घरी आल्यावर निर्मलाला सगळं घट्ट करावं लागे. चहा, वरण, ताक, औषधाचं पाणी. प्रत्येकाचं माप वेगळं. मी खुर्चीवर बसून चमचे नापास करायचो. एकदा तिने चमचा माझ्यासमोर आपटला आणि म्हणाली, "तुम्हाला बोलता येत नव्हतं ना, तेव्हा बरं होतं." दोघंही हसलो. मग तिने सांगितलं की दवाखान्यातून ती रोज मोजून दोनदाच बाहेर जायची आणि दोन्ही वेळा पाणी प्यायला. मी उठून पाण्याचा पेला भरला आणि तिच्यापुढे ठेवला.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. काय द्यायचं आणि किती घट्ट, ते डॉक्टरांसमोर ठरवा, माझ्यासारखं फटीतून नाही. तोंडात वितळणाऱ्या वस्तूवर भरवसा ठेवू नका. घाई करू नका. आणि जो सांभाळतो आहे त्याला पाणी प्यायला वेळ द्या.

पंगत

आजारानंतर पाचव्या महिन्यात अण्णांच्या मुलीचं लग्न होतं, शहाद्याला. यंत्राच्या पूजेला आलेले बहुतेक सगळे तिथे होते. मावसकाकाही होते, आता बहिरे झालेले.

दवाखान्यातून निघाल्यापासून अण्णांनी एकदाही ते जुनं वाक्य मागे घेतलं नव्हतं. मीही 'मागे घ्या' म्हटलं नव्हतं. पण मी विसरलो नव्हतो. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मिटायला हवं, हा माझा हिशोब.

पंगत बसली. वाढपी माझ्या पानाजवळ पाण्याचा पेला ठेवायला वाकला आणि लांबून अण्णांचा आवाज आला, "थांब! त्याला ते देऊ नको. त्याचं पाणी मी करतो."

मुलीचे वडील, डोक्याला फेटा, पंगतीतून वाट काढत आले. खिशातून छोटी डबी काढली. साखरेत मिसळलेली पावडर त्यांनी घरूनच तयार करून आणली होती. गुडघ्यावर बसून ढवळायला लागले. सगळी पंगत बघत होती. मावसकाका मोठ्याने ओरडले, "हे काय टाकतोस रे?"

"समुद्राचं शेवाळ आहे, काका," अण्णाही तेवढ्याच मोठ्याने म्हणाले. "आमच्या बापूचा माल. याच्यावर जगला तो."

कोणी हसलं नाही. अण्णांनी चमचा बुडवला, उलटा धरला, बोटाने रेघ ओढली आणि माझ्यासमोर धरली. "बघ. पास?"

शेजारी निर्मलाने मला कोपर मारलं. कारण चार दिवसांपूर्वीच बाईंनी माझी तपासणी करून साधं पाणी सुरू केलं होतं, आणि त्या सकाळी मी तिच्यासमोरच दोन पेले साधं पाणी प्यालो होतो. अण्णांना हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. आज हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

मी रेघेकडे नीट पाहिलं. थोडी बुजत होती. दुसऱ्या कोणाची असती तर परत पाठवली असती.

"पास," मी म्हणालो, आणि सगळं प्यालो.